खंडेनवमीचा जबाब

१९९४ सालच्या खंडेनवमीला, सकाळी दहा वाजून गेल्यावर, काचीगुड्यातल्या आमच्या घराच्या गॅरेजमध्ये गाडीखालच्या खड्ड्यात साठलेला गॅस पेटला. माझ्या वहिनी निरांजनाचं तबक घेऊन खड्ड्याच्या काठाशी वाकल्या होत्या. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत आणि चेहऱ्याची डावी बाजू भाजली. माझा मोठा भाऊ त्यांच्या मागे पाच-सहा फुटांवर होता. त्याच्या भुवया जळाल्या. मी अंगणात होतो. मला काही झालं नाही.

गंजलेले नट तापवायच्या ज्या टॉर्चमधून गॅस झिरपला ती निवडण्यात माझा हात होता. म्हणून तिथपासून लिहितो.

दादा कुकटपल्लीच्या वाटेवरच्या एका कारखान्यात होता. आधी बरीच वर्षं क्रोम प्लेटिंगच्या टाक्यांवर, नंतर दुरुस्ती विभागात. नवं आर्थिक धोरण आलं त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्याच्या फलकावर स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली. पहिल्या यादीत ज्यांनी सह्या केल्या त्यांत दादा होता. घरी आला, चप्पल काढली आणि म्हणाला, "झालं ते काम." वहिनी वह्या तपासत होत्या. त्या मराठी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांनी हातातली वही पूर्ण तपासून बाजूला ठेवली आणि विचारलं, "आता घरी बसून काय करणार?"

"गाड्या दुरुस्त करणार."

"कुणाच्या?"

"ज्यांच्या बिघडतील त्यांच्या."

आमच्या भागात जुनी मराठी घरं बरीच होती. वकील, मास्तर, सरकारी कचेऱ्यांतून निवृत्त झालेले. रस्त्यावर नव्या छोट्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, पण या घरांच्या दारात अजून अँबॅसडर उभ्या असायच्या आणि त्या विकायचं कुणाच्या मनात नसायचं. दादाने आमच्याच गॅरेजमध्ये, आमच्याच गाडीसाठी वडिलांनी बांधून घेतलेल्या खड्ड्यावर, काम सुरू केलं. माणूस उभा राहून वर हात करील एवढा तो खोल होता. गाडी वर आणायची, आपण खाली उतरायचं. वहिनींनी एकच अट घातली. गॅरेजमध्ये काय हवं ते करा, अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसता कामा नये.

दादाची तपासायची एक पद्धत होती. गाडी आली की तो बॉनेट उघडायचा, इंजिन सुरू करायला लावायचा आणि मालकाला जवळ बोलवायचा. "वास कसला येतोय, सांगा."

"अरे, तू मेकॅनिक ना?" चौकातले निवृत्त तहसीलदार एकदा म्हणाले. "मी सांगू?"

"गाडी तुमची. रोज तुम्ही बसता. तुमच्या नाकाला जे कळेल ते माझ्या नाकाला कुठून कळायला?"

तहसीलदारांनी वाकून दोनदा श्वास घेतला आणि गंभीरपणे सांगितलं, "रबर जळल्यासारखा."

"बरोबर. क्लचप्लेट."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बेकरीवाले चाचा होते. त्यांच्या डिलिव्हरीच्या गाडीलाही तोच प्रकार. "क्या उस्ताद, तुम बी सूंघो ना जरा," ते म्हणायचे. "मेरे नाक में तो सुबू से रात तक बिस्कुट है."

"बिस्कुटके अलावा क्या है, वो बोलो चाचा."

"पेट्रोल है थोडा."

"बस. हो गया काम."

लोकांना ही पद्धत आवडली. वैद्य पेशंटला आधी बोलू देतो तसा हा मेकॅनिक मालकाला विचारतो, असं एकजण दुसऱ्याला सांगायचा. दुसरा त्यावरून गाडी आणायचा.

खरी गोष्ट मला एका रविवारी कळली. मी गॅरेजमध्ये पेपर वाचत बसलो होतो. दादा कार्ब्युरेटरपाशी वायरीला लोंबणारा बल्ब घेऊन वाकला होता. मला पेट्रोलचा वास इतका आला की डोळ्यांना झोंबला. मी म्हणालो, "दादा, पेट्रोल गळतंय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? वास येतोय ना."

त्याने बल्ब बाहेर काढला, बंद केला, खाली ठेवला. मग बोटाने कार्ब्युरेटरच्या खालची बाजू चाचपली. बोट ओलं झालं. ते त्याने नाकाशी नेलं नाही, पँटला पुसलं.

"चार वर्षं झाली," तो म्हणाला. "आधी फुलं गेली. मग फोडणी. मग पेट्रोल, रॉकेल, सगळंच. टाक्यांवर ज्यांनी कामं केली त्यांच्यात आम्ही चौघे असे आहोत."

"डॉक्टर?"

"कारखान्यात सांगितलं असतं तर काम गेलं असतं. आता सांगून काय, आलंय का परत?"

"वहिनींना माहीत आहे?"

"ती विचारते मीठ कसं झालंय. मीठ कळतं मला. आंबट कळतं, तिखट कळतं. बाकी कढीपत्ता खाल्ला काय आणि गवत खाल्लं काय." तो हसला. "तिला सांगू नको. तिच्या शाळेतल्या बायकांना कळेल, त्यांच्या नवऱ्यांना कळेल. ज्याला वास येत नाही त्याला गाडी कोण देईल? तूच सांग, देशील का?"

मी पेपरची घडी घातली. सांगणार नाही, एवढं म्हणालो. त्यानंतर जेवताना माझ्या लक्षात यायला लागलं की तो रोज तेच म्हणतो, "आज वरण छान झालंय." वरणात काही चुकलं असलं तरी तेच. वहिनी म्हणायच्या, तुमच्या दादांइतका साधा जेवणारा माणूस मी पाहिला नाही.

टॉर्चची गरज गंजलेल्या नटांमुळे पडली. अँबॅसडरच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट आणि सायलेन्सरच्या पाइपचे नट वीस वर्षांत असे बसतात की पाना फिरतो आणि नट गोल होतो. ते लाल होईपर्यंत तापवले तरच सुटतात. दादाकडे रॉकेलचा जुना ब्लो लॅम्प होता. तो पेटवण्याआधी तोंडाशी स्पिरिट जाळून गरम करावा लागायचा, मग पंप मारायचा. आडवा धरला तर चालायचा. खड्ड्यात उभं राहून वर धरला की पिवळी ज्योत फेकायचा, रॉकेल थुंकायचा आणि काजळी थेट दोरीवरच्या पांढऱ्या धोतरांपर्यंत जायची. वहिनींनी एक धोतर आणून दादासमोर धरलं. दुसऱ्या दिवशी दादा मला म्हणाला, "तू चार लोकांना विचारून ये. तुझं कामच आहे ते."

मी एका दैनिकात उपसंपादक होतो. वही घेऊन गेलो आणि तीन दिवस सकाळी हेच केलं.

पहिला माणूस वेल्डिंगवाला. तो म्हणाला, ऑक्सिजन-अ‍ॅसिटिलीन घ्या, दुसरं काही बघूच नका. त्याने मला एक नट तापवून दाखवला. दहा सेकंदांत लाल झाला, वीस सेकंदांत बोल्टसकट वितळायला लागला. "देखा साब? पाणी कर दिया." दादाला ते नको होतं. रेडिएटरच्या जवळ अशी ज्योत गेली तर पितळेच्या नळ्यांचे झाळलेले सगळे सांधे सुटतात, एक दुरुस्त करायला जावं आणि दहा गळायला लागावेत. शिवाय दोन उंच सिलिंडर ठेवायला जागा नव्हती.

दुसरा राणीगंजमधला दुकानदार. त्याच्याकडे परदेशी बनावटीच्या, हातात मावतील अशा टॉर्च नुकत्याच आल्या होत्या. खाली गॅसचा निळा डबा, वर पितळेचं तोंड, बटण दाबलं की पेटायची. काचेच्या कपाटात घड्याळांसारख्या मांडल्या होत्या. डबा संपला की पुढचा कधी मिळेल, असं विचारलं. "आयेगा साब. अब सब आयेगा. मार्केट खुल गया ना." कधी, हे त्याला माहीत नव्हतं.

तिसरा माणूस फ्रिज आणि एसी दुरुस्त करणारा. हिमायतनगरकडे त्याचं एक खोलीचं दुकान होतं. तो तांब्याच्या नळ्या स्वयंपाकाच्या गॅसवर चालणाऱ्या टॉर्चने जोडायचा. लांब दांडी, रबरी नळी, मुठीपाशी ज्योत कमीजास्त करायची चावी. उलटी धरा, वर धरा, ज्योत निळीच. काजळी नाही. मी त्याला खड्ड्याबद्दल सांगितलं. त्याने हातातलं काम ठेवलं.

"गैस ऊपर नहीं जाती साब," तो म्हणाला. "पाणी के सरीका नीचे बैठती. गड्ढे में सिलिंडर नक्को. कमरे में बी नक्को. बाहर रखो, पाइप अंदर लो. और रोज सूंघो. ये बास किसलिये डालते मालूम? सूंघने के लिये डालते. गैस में अपनी बास नहीं रहती."

हे सगळं मी लिहून घेतलं. "रोज सूंघो" हेही लिहिलं.

घरी आल्यावर मी वही दादासमोर ठेवली. त्याने शेवटचं पान दोनदा वाचलं. मी म्हणालो, "दादा, हे शेवटचं."

"मला साबण आहे ना," तो म्हणाला. "सांध्याला साबणाचा फेस लावायचा. गळत असेल तर बुडबुडा येतो. नाकाने चूक होईल, फेसाने होत नाही. कारखान्यात सगळे असंच करायचे."

हे खरं होतं. नाक असलेले लोकही फेसच लावतात. मी ठीक आहे म्हणालो. निवड तिथे झाली.

पूर्वी गॅसच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. त्या वर्षी खाजगी वितरक सुरू झाले होते आणि आठ दिवसांत सिलिंडर घरात आला. दादाने तो अंगणात, गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीला सावलीत ठेवला. खिडकीच्या गजांतून नळी आत घेतली. रोज सकाळी मगात साबणाचं पाणी करायचा आणि दाढीच्या जुन्या ब्रशने प्रत्येक सांध्याला फेस लावायचा. रेग्युलेटर, क्लिप, मुठीचा जोड. मग उकिडवा बसून बघत राहायचा. वहिनी तुळशीला पाणी घालता घालता म्हणायच्या, "स्वतःची दाढी आठवड्यातून दोनदा, आणि सिलिंडरची रोज."

"त्याला रोज ऑफिसात जायचं असतं," दादा म्हणायचा.

टॉर्चने काम सोपं केलं. अर्धा दिवस अडणारा नट दहा मिनिटांत सुटायला लागला. गाड्या वाढल्या. तहसीलदारांनी आपल्या व्याह्यांची गाडी पाठवली. दादा संध्याकाळी हात धुताना शीळ घालायला लागला होता, हे मी त्याच्या आधी कधी ऐकलं नव्हतं. ऑगस्ट ते ऑक्टोबर असं चाललं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी हत्यार वापरायचं नाही. आदल्या संध्याकाळी सगळी धुऊन, पुसून, तेल लावून एका ओळीत मांडायची, सकाळी हळदकुंकू, फुलं, ओवाळणं. आमच्या लहानपणी घरात मांडायला विळी, अडकित्ता आणि वडिलांचं फाउंटन पेन एवढंच असायचं. त्या वर्षी पहिल्यांदा मांडण्यासारखं काही होतं. दादाने खड्ड्याच्या काठावर जुनी साडी अंथरली आणि पाने लहानापासून मोठ्यापर्यंत लावले. वहिनी बघायला आल्या.

"आणि तो?" त्यांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"तो बाहेरच बरा."

"सगळ्यात जास्त काम तोच करतो आणि तोच बाहेर? एका दिवसाने काय होतं. सगळं एका ओळीत हवं, नाहीतर पूजा कसली."

दादा बाहेर गेला, सिलिंडर उचलून आत आणला आणि ओळीच्या टोकाला ठेवला. नळी जोडलेलीच होती. टॉर्च त्याने साडीवर ठेवली. तिचं तोंड खड्ड्याकडे होतं, कारण दांडी लांब होती आणि दुसरीकडे पाने होते. हलवल्यामुळे सांधे सैल झाले असतील म्हणून त्याने पुन्हा फेस लावला. फेस लावायचा तर सिलिंडरची चावी उघडी हवी. ती त्याने उघडली. बुडबुडा कुठेच आला नाही. त्यानंतर त्याने शटर ओढलं.

हा सगळा क्रम त्याने नंतर मला सांगितला. चावी बंद केल्याचं त्याला आठवत नव्हतं. बंद न केल्याचंही आठवत नव्हतं. आग लागल्यावर तो सिलिंडरपाशी गेला तेव्हा चावी फिरवून बंद करावी लागली, हे त्याला नक्की आठवत होतं. गॅस सांध्यातून गेला नाही. टॉर्चच्या मुठीची चावी पूर्ण बसत नव्हती आणि तो तिच्या तोंडातून झिरपत राहिला. टॉर्चच्या तोंडाला साबण कुणी लावत नाही.

सकाळी दादाने शटर उघडलं. आंघोळ करून, धोतर नेसून आला होता. आमच्या गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर झेंडूची माळ घातली. मी अंगणातल्या पायरीवर नारळ सोलत बसलो होतो. वहिनी घरातून तबक घेऊन आल्या. निरांजन लावलेलं होतं, वाऱ्याने विझू नये म्हणून त्यांनी तबकावर हात आडवा धरला होता. गॅरेजच्या उंबऱ्यावर थांबल्या.

"अहो, कसला तरी वास येतोय का?"

"नाही," दादा म्हणाला.

"कसलाच नाही?"

"मला तर कसलाच येत नाही."

"झेंडू कुजका निघाला वाटतं," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी हे ऐकलं. नारळ माझ्या दोन्ही पायांमध्ये धरलेला होता आणि शेंडीचा शेवटचा पुंजका निघत नव्हता. दादाला वास येत नाही, हे मला माहीत होतं. वहिनींचा प्रश्न आणि दादाचं उत्तर हे दोन्ही मला शब्दशः कळलं होतं. मी मान वर केली. वहिनी ओळीच्या पहिल्या पान्याला कुंकू लावायला वाकल्या. यात किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. हाक मारायला पुरेल एवढा गेला.

आवाज मोठा नव्हता. गादी खाली आपटल्यासारखा. खड्ड्यातून निळी ज्योत गाडीच्या दोन्ही बाजूंनी वर आली आणि गेली. तबक सिमेंटवर गोल फिरत राहिलं. वहिनी ओरडल्या नाहीत. दोन्ही हात पुढे धरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "पाणी."

बेकरीवाल्या चाचांच्या डिलिव्हरीच्या गाडीतून आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. भाजलेल्या बाईबरोबर नवरा आला की दवाखान्यातून पोलिसांना कळवतात. ती पद्धत आहे आणि तिला कारणं आहेत. अशा बातम्यांना मी स्वतः मथळे दिले होते. दुपारी सब-इन्स्पेक्टर आले. पन्नाशीचे, चष्मा लावणारे, आवाज न चढवणारे. डॉक्टरांनी लिहून दिलं की पेशंट शुद्धीवर आहे, बोलू शकते. दादाला व्हरांड्यात बसवलं. त्याच्याजवळ एक शिपाई उभा राहिला. दादाच्या अंगावर अजून पूजेचंच धोतर होतं.

वहिनींचा ओठ सुजला होता. एरवी त्या बाजारात सफाईने दखनी बोलायच्या, पण आता मराठीच येत होती, तीही हळू. तेलुगू त्यांना जेमतेम कळायची. इन्स्पेक्टरांनी मला दुभाष्या म्हणून थांबवलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलो. ते तेलुगूत विचारायचे, मी मराठीत सांगायचो, वहिनी बोलायच्या, मी तेलुगूत सांगायचो, ते लिहायचे.

कुणी काही केलं का, नवऱ्याशी भांडण होतं का, या प्रश्नांना वहिनींनी नाही म्हटलं. मग इन्स्पेक्टरांनी विचारलं, गॅसचा वास आला होता का.

"आला होता," वहिनी म्हणाल्या. "मी ह्यांना विचारलं. हे नाही म्हणाले."

मी ते तसंच सांगितलं. इन्स्पेक्टरांनी लिहिलं. मग लिहायचे थांबले आणि माझ्याकडे पाहिलं.

"नवरा मेकॅनिक. सिलिंडर त्याने आत आणला. बायकोने वासाचं विचारलं तर तो नाही म्हणाला. बरोबर?"

"बरोबर."

"मग त्याला जरा आमच्याबरोबर यावं लागेल."

तेव्हा मी त्यांना तेलुगूत सांगितलं. त्याला वास येत नाही. सहा वर्षांपासून. कारखान्यात असताना गेला. तो खोटं बोलला नाही. त्याला खरंच कसलाच वास आला नाही.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "भाऊजी, काय सांगितलंत त्यांना? हे माझे शब्द नव्हते."

मी तेच मराठीत सांगितलं.

त्यांनी छताकडे पाहिलं. पंखा बंद होता. मग म्हणाल्या, "कधीपासून म्हणालात?"

"सहा वर्षं."

"वरण?"

"मीठ कळतं त्याला."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"दोन वर्षं होतील."

"सकाळी तुम्ही पायरीवर होतात." हा प्रश्न नव्हता. "मी विचारलं ते ऐकलंत?"

"ऐकलं."

इन्स्पेक्टर म्हणाले, "काय म्हणतायत अम्मा?"

"घरचं बोलणं आहे," मी म्हणालो.

वहिनींनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा होता. "त्यांना सांगा, वास आला नव्हता."

"वहिनी, तुम्ही आत्ताच म्हणालात..."

"मी सांगते ते सांगा. एवढंच तुमचं काम आहे ना इथे?"

मी सांगितलं. इन्स्पेक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आधी आला म्हणाल्या, आता नाही म्हणतायत. नवरा बाहेर बसलाय म्हणून का? अम्माला सांगा, घाबरायचं कारण नाही. मी त्याला इथे येऊ देणार नाही."

मी तेही सांगितलं.

"त्यांना म्हणावं, मी कुणालाही घाबरत नाही. औषधाच्या गुंगीत आधी चुकीचं बोलले. मला वास आला नाही, मी कुणाला काही विचारलं नाही. सिलिंडर आत आणायला मीच सांगितलं होतं. ते मात्र लिहा." त्या थांबल्या. श्वास घेताना त्यांना त्रास होत होता. "आणि ह्यांच्या नाकाचं जे तुम्ही सांगितलंत, ते लिहायचं नाही म्हणावं. ह्यांचा धंदा आहे."

इन्स्पेक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी डॉक्टरांना बोलावून पुन्हा विचारलं, पेशंट गुंगीत आहे का. डॉक्टर म्हणाले, वेदनाशामक दिलंय, थोडी असू शकते. इन्स्पेक्टरांनी दोन ओळी खोडल्या आणि खाली नव्या लिहिल्या. लिहून झाल्यावर वाचून दाखवल्या. मी त्या मराठीत सांगितल्या. वहिनी म्हणाल्या, "बरोबर."

दादाला त्यांनी नेलं नाही. व्हरांड्यातून जाताना त्याच्यासमोर थांबून म्हणाले, "पूजेला सिलिंडर घरात आणू नका." दादाने हात जोडले.

वहिनी बत्तीस दिवस दवाखान्यात होत्या. डाव्या गालावर डाग राहिला. उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण वळत नाहीत. जूनमध्ये त्या शाळेत रुजू झाल्या आणि डाव्या हाताने फळ्यावर लिहायला शिकल्या. दादाने खड्डा मुरुमाने भरून वर सिमेंट केलं आणि संक्रांतीनंतर गॅरेज उघडलं. गिऱ्हाइकं आली. तहसीलदार आले, चाचा आले. वासाचं तो त्यांना पूर्वीसारखंच विचारायचा. वहिनींना काय समजलं आहे, हे मी दादाला सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं का, मला माहीत नाही. वहिनी माझ्याशी त्यानंतरही चहा, जेवण, पाहुणे एवढ्यापुरतं नीट बोलत राहिल्या.

प्रकरण अपघात म्हणून बंद झालं. जबाबाची प्रत घ्यायला पोलीस ठाण्यात मी गेलो. एक पान होतं. "वास आला होता, मी पतीला विचारलं" या अर्थाच्या दोन तेलुगू ओळींवर आडवी रेघ होती. खोडलेल्या मजकुराशेजारी जबाब देणाऱ्याची सही लागते. वहिनींचे दोन्ही हात बांधलेले होते, म्हणून त्या ठिकाणी त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचा ठसा आहे.